नोकरी लेखिकेची, फजिती लुसीची

विनोद ही सुचेल तेव्हा खरडायची गोष्ट, असा माझा बँकेत बसून झालेला ग्रह. तो मॅडलिन प्यू या बाईंनी मोडला. जन्म १९२१, अमेरिकेतलं इंडियानापोलिस, पदवी पत्रकारितेची. पुरुष मंडळी महायुद्धावर गेली म्हणून रेडिओत जागा मिळाली. (आमच्याकडे जागा रिकामी झाली की तिचं काम शेजारच्या टेबलावर येतं.) तिथे बॉब कॅरोल हा जोडीदार-लेखक भेटला आणि १९५१ साली दोघं टेलिव्हिजनवरच्या ‘आय लव्ह लुसी’चे लेखक झाले.

लुसीच्या, म्हणजे लुसिल बॉलच्या वाट्याला येणाऱ्या कसरती बाई आधी स्वतः करून बघायच्या. आमच्या भाषेत, नोटा मोजल्याशिवाय सही नाही. म्हणून तर १९५२ च्या भागातला चॉकलेटचा कारखाना अजून हसवतो. पट्टा पळतोय, चॉकलेटं गुंडाळून होत नाहीत; मग कोंबा तोंडात, टोपीत, झग्यात! मार्चअखेरीला आमचीही हीच गत. फक्त खाता काही येत नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. लुसीची ही नोकरी टिकत नाही. तिकडे नवऱ्यांनी स्वयंपाकघराची वाट लावलेली, आणि शेवटी जो तो आपापल्या जागी. बाई घराबाहेर पडून टिकल्या, पण लुसीला घरी पाठवत राहिल्या.

आमची ही पोस्टात आहे. पोट धरून हसली. मग म्हणाली, “अहो, ती लिहिणारी कामावर राहिली ना?”

“राहिली की.”

“मग लुसीलाच काय झालं होतं?”