आजचा सवाल आणि उद्याची तारीख

‘निखिल वागळे आवडतात का?’ असं नगरमध्ये विचारलं तर दोनच उत्तरं येतात, दोन्ही तावातावाने. माझं तिसरं आहे: संपादक म्हणून निडर, पण टीव्हीवर त्यांनी रुळवलेली पद्धत बातमीदाराला मारक ठरली.

निडरपणाबद्दल वाद नको. १९९० साली ‘महानगर’ काढलं, शिवसैनिकांचे हल्ले झेलले. सचिनवर टीका करणाऱ्या बाळासाहेबांना धारेवर धरलं, तर नोव्हेंबर २००९ मध्ये ‘आयबीएन लोकमत’चं ऑफिस फोडलं गेलं. दुसऱ्या दिवशीही प्रश्न तेवढेच टोकदार.

‘आजचा सवाल’मध्ये मात्र उत्तर अर्धं असतानाच पुढचा प्रश्न यायचा. ‘ग्रेट भेट’मध्ये तेच वागळे ऐकून घ्यायचे आणि समोरचा माणूस उलगडत जायचा. माझ्या मते त्यांचं टीव्हीवरचं सर्वांत चांगलं काम ते. पण नक्कल झाली ‘आजचा सवाल’ची. चार खिडक्या, एक अँकर आणि जिल्ह्याचा वार्ताहर तीस सेकंदांच्या फोनोपुरता. स्वस्तात तासभर भरतो. वागळेंकडे निदान प्रश्न होता; इतरांकडे नुसता आवाज.

यात गेलं काय, ते आमच्या जिल्ह्यात दिसतं. एप्रिल २०१४ मध्ये जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात १७ वर्षांच्या दलित मुलाची हत्या झाली. कॅमेरे आले, चर्चा झाल्या. जुलैत वागळेंनी वाहिनी सोडली; मालकी रिलायन्सकडे गेली होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या कोर्टातून आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार फितूर झाले होते.

एकेक साक्षीदार कधी, कसा फिरला, ही बातमी साडेतीन वर्षं कोर्टाच्या व्हरांड्यात बसणाऱ्यालाच मिळते. स्टुडिओतून ‘न्याय मिळेल का?’ एवढंच विचारता येतं. (आमच्या कामात बगचं तिकीट उघडं राहिलं तर कुणीतरी रोज मेल टाकतं. बातमीचं तिकीट कुणाच्या नावावर असतं?) तालुक्यातल्या स्ट्रिंजरला पैसे बातमीमागे; नुसती तारीख पडली त्या दिवशी त्याच्या हातात काय पडणार?

२०१७ मध्येच ‘टीव्ही९ मराठी’वरचं वागळेंचं ‘सडेतोड’ही बंद झालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यात त्यांच्या गाडीवर हल्ला झाला, तरी ते सभेला पोचले आणि बोलले. आता ते यूट्यूबवर असतात. मी ऐकतो, प्रश्न अजूनही नेमका असतो. कोर्टाच्या तारखा मात्र मला स्थानिक पेपरातच शोधाव्या लागतात, आतल्या पानावर.