हत्तीची चाके

शाळेच्या सहलीत वस्तुसंग्रहालयाच्या वाट्याला जेमतेम एक तास येतो. मुले रांगेने पुढे सरकतात, पाटीवरची नावे आणि काळ वहीत उतरवतात व बाहेर पडतात. वस्तूकडे कोणी फारसे पाहतच नाही. एका संग्रहालयात हे दृश्य आम्ही नुकतेच पुन्हा पाहिले. दोष मुलांचा नाही. पाटी निष्कर्ष सांगते. तो कशावरून काढला, हे सांगत नाही. विज्ञानाच्या तासाला हे आपण चालवून घेऊ का?

दायमाबादचे उदाहरण घेऊ. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी या ठिकाणी १९७४ साली जमीन खणताना धातूच्या चार वस्तू मिळाल्या : बैलजोडीचा रथ व सारथी, म्हैस, गेंडा आणि हत्ती. सर्व भरीव ओतकामाच्या, मिळून ६० किलोंहून अधिक वजनाच्या. म्हशीला आणि गेंड्याला चाके आहेत, हत्तीला नाहीत. पण हत्तीच्या बैठकीखाली आस घालण्याजोगी भोके आहेत. म्हणजे त्यालाही चाके असणार! हे अनुमान सातवीतली मुलेसुद्धा पाटी न वाचता करू शकतील.

मात्र या वस्तू किती जुन्या, हे नुसते पाहून कळत नाही. धातूला कार्बन-१४ पद्धत थेट लावता येत नाही. वस्तू कोणत्या थरात होती यावरून काळ ठरवावा, तर या वस्तू शास्त्रीय उत्खननात मिळालेल्या नव्हत्या. पुढे तेथे उत्खनन करणाऱ्या साळी यांनी त्या उत्तर हडप्पा काळातील, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या. डी. पी. अग्रवाल यांनी शंका घेतली : धातूत आर्सेनिक एक टक्क्याहून अधिक आहे, ताम्रपाषाण काळातल्या इतर वस्तूंत असे मिश्रण आढळत नाही. मग या वस्तू बऱ्याच नंतरच्या असतील काय?

एवढा वाद पाटीवर मावणार नाही, हे मान्य. पण तो पूर्ण गाळला की इतिहास म्हणजे पाठ करायचे आकडे, एवढेच मुलांच्या मनात उरते.

म्हणून शिक्षकांना आमची सूचना अशी : पुढच्या सहलीत शंभर वस्तूंऐवजी एकच निवडा. वहीत तीन रकाने करा : काय दिसले, त्यावरून काय वाटते, ते कशाने चूक ठरेल. गेंड्याची मूर्ती मिळाली, म्हणून प्रवरेकाठी गेंडे होते असे म्हणता येईल का? उत्तर सांगण्याची घाई करू नका.