संपल्या की थांबवल्या? हार्डकोअर पंकच्या दुर्मिळ तबकड्यांविषयी

संशोधनाचा विषय काय, असं घरी कुणी विचारलं की मी 'जुन्या तबकड्या' असं सांगून मोकळी होते. समोरच्याला आजोबांचा ग्रामोफोन आठवतो आणि विषय तिथेच संपतो. खरं उत्तर जरा लांबलचक आहे: अमेरिकेतल्या हार्डकोअर पंक संगीताच्या, मोजक्याच निघालेल्या विनाइल तबकड्या आणि त्या जमवणारी माणसं. आज ते सविस्तर सांगते, कारण प्रबंधाच्या या प्रकरणातला एक प्रश्न मला बरेच दिवस छळतोय.

हार्डकोअर म्हणजे पंकचा आणखी वेगवान, आणखी कडक अवतार. 1980 च्या आसपास वॉशिंग्टन, लॉस एंजेलिस, बोस्टन अशा शहरांतल्या विशी-बाविशीच्या आतल्या मुलांनी तो उभा केला. गाणी बऱ्याचदा मिनिट-दीड मिनिटाची. मोठ्या कंपन्या आपल्याला विचारणार नाहीत हे ठाऊक, म्हणून सगळं स्वतःच करायचं. धंदेवाईकपणाचा तर उघड तिटकारा. मग याच संगीताच्या काही तबकड्या आज हजारो डॉलरांना कशा विकल्या जातात? 'ढोंग आहे झालं' असं म्हणून पुढे जाता येईल. पण मला वाटतं, 'दुर्मिळ' या एका शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी खपून जातात. त्या सुट्या करून पाहू.

पहिली गोष्ट वॉशिंग्टनची. टीन आयडल्स हा तिथल्या पोरांचा बँड 1980 मध्ये फुटला. कार्यक्रमांतून साठलेले थोडे पैसे शिल्लक होते. ते वाटून घेण्याऐवजी त्यांनी 'मायनर डिस्टर्बन्स' ही आठ गाण्यांची सात इंची तबकडी काढली आणि त्यासाठी डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स हे लेबल सुरू केलं. पहिल्या खेपेला 1000 प्रती. कव्हरं हाताने कापून, दुमडून, चिकटवलेली. हजारच का? तेवढीच ऐपत होती म्हणून. पुढे 1984 मध्ये डिस्कॉर्डने आपल्या अशा चार जुन्या सात इंची तबकड्या एकाच बारा इंचीवर आणल्या. म्हणजे वस्तू दुर्मिळ झाली, पण गाणी त्यांनी दुर्मिळ होऊ दिली नाहीत. हा फरक लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट न्यूयॉर्कची. 1989 मध्ये जज या बँडने चुंग किंग स्टुडिओत आपला अल्बम रेकॉर्ड केला. तो बँडला इतका नापसंत पडला की सगळा पुन्हा रेकॉर्ड केला. आधीच पैसे पाठवून ताटकळलेल्या लोकांसाठी रेव्हलेशन रेकॉर्ड्सने त्या फसलेल्या रेकॉर्डिंगच्या पांढऱ्या विनाइलवर सुमारे 110 प्रती काढल्या. आज ही संग्राहकांची मोठी स्वप्नवस्तू आहे. गंमत बघा, बँडने जे नाकारलं त्यालाच सगळ्यात जास्त भाव! तरी इथेही आकडा भावावर डोळा ठेवून ठरलेला नव्हता. उशीर झाला, त्याची ती भरपाई होती.

तिसरी गोष्ट आजची. नवा अल्बम जाहीर होतो तेव्हाच सांगितलं जातं: लाल 100, निळ्या 200, बाकी काळ्या. मुळात तबकडी काढण्यातला मोठा खर्च लॅकर कापण्याचा आणि त्यावरून धातूचा साचा करण्याचा. मग प्रती 100 काढा नाहीतर 1000. साचा तोच ठेवून फक्त पीव्हीसीच्या दाण्यांचा रंग बदलला की 'मर्यादित आवृत्ती' तयार. खाचा त्याच, गाणं तेच. इथे तबकड्या संपत नाहीत, ठरवून थांबवल्या जातात. माझा आक्षेप इथे आहे. ऐपत नव्हती म्हणून पडलेला आकडा आता सजावट म्हणून वापरला जातोय.

सारा थॉर्नटन या अभ्यासिकेने 1995 मध्ये 'उपसांस्कृतिक भांडवल' ही कल्पना मांडली. सोप्या भाषेत, आपल्या कंपूत पत कशामुळे वाढते ते. कुठल्या खेपेचं कव्हर कुठल्या रंगाचं हे तुम्हाला माहीत असेल, तर तुम्ही 'आतले'. ही कल्पना वापरून संग्राहकांची टर उडवणं फार सोपं आहे. माझ्या पहिल्या मसुद्यात मी तेच केलं होतं. मार्गदर्शकांनी समासात एवढंच लिहिलं: "मग ही माहिती तुला कुणाकडून मिळाली?"

प्रश्न वर्मी लागला. गाणं संपल्यानंतर लेबलापर्यंत जो कोरा पट्टा असतो, त्यात खरवडलेले आकडे आणि शेरे असतात. ते भिंगातून वाचून, कुठली प्रत कुठल्या साच्यातून निघाली याच्या याद्या या 'हौशी' लोकांनीच केल्यात. पोरांनी चालवलेल्या लेबलांकडे कसल्या आल्यात नीट नोंदवह्या! ज्या हव्यासावर मी टीका करते, त्याच हव्यासाने माझी साधनं सांभाळून ठेवली आहेत.

आणखी एक अडचण. जुनी प्रत हजारो डॉलरांना विकली गेली तरी त्यातला पैसाही बँडला मिळत नाही, सगळा विकणाऱ्याच्या खिशात. रंगीत आवृत्तीचे पैसे निदान लेबलकडे आणि तिथून बँडकडे जाऊ शकतात. छोट्या लेबलला पुढची तबकडी त्यातूनच काढता येत असेल, तर तिला नावं ठेवताना माझीच जीभ अडखळते.

म्हणून सध्या माझी कसोटी साधी आहे. आकडा कुणी ठरवला, कशासाठी ठरवला, आणि तबकडी न मिळालेल्याला गाणं मिळतं का? डिस्कॉर्ड या कसोटीला उतरतं. जजची ती फसलेली गाणीही रेव्हलेशनने पुढे सीडीवर आणली, म्हणजे तिथेही दार बंद राहिलं नाही. जिथे गाणंच त्या शंभर जणांपुरतं अडवून ठेवलं जातं, तिथे मात्र मी 'दुर्मिळ' हा शब्द वापरणार नाही. त्याला सरळ 'टंचाई' म्हणेन, आणि टंचाई मुद्दाम करता येते हे तुम्हाला-मला वेगळं सांगायला नको.