समेटाचे शास्त्र आणि समेटाचे खमीर

विद्यापीठांतून युद्धांचा इतिहास फार पूर्वीपासून शिकविला जातो. कोणती लढाई कोणत्या साली कोणी जिंकली, हे विद्यार्थ्याला मुखोद्गत असते. त्या लढाईनंतर तेथील माणसे पुन्हा एकत्र कशी नांदली, हे मात्र त्याला सहसा कोणी विचारीत नाही. या दुसऱ्या प्रश्नाला अभ्यासविषयाची प्रतिष्ठा लाभली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. योहान गाल्टुंग यांनी १९५९ साली ओस्लो येथे शांतता-संशोधन संस्था उभारली. क्वेकरपंथीय विचारवंत ॲडम कर्ल हे १९७३ साली ब्रॅडफर्ड विद्यापीठात या विषयाचे पहिले प्राध्यापक झाले. अमेरिकेतील नोटर डेम या कॅथलिक विद्यापीठात फादर थिओडोर हेसबर्ग यांच्या पुढाकाराने व जोन क्रॉक यांच्या देणगीतून १९८६ साली क्रॉक संस्था स्थापन झाली. या संस्थेत पुढे अनेक वर्षे अध्यापन केलेले मेनोनाइट समाजशास्त्रज्ञ जॉन पॉल लेडरॅक यांच्या ‘बिल्डिंग पीस’ (१९९७) आणि ‘द मॉरल इमॅजिनेशन’ (२००५) या दोन ग्रंथांचा आम्ही येथे विचार करीत आहोत.

पहिला ग्रंथ शास्त्राचा आहे. समाजाची कल्पना त्यात एका त्रिकोणी मनोऱ्यासारखी केली आहे. शिखरावर मोजके राजकीय व लष्करी नेते, पायथ्याशी असंख्य सामान्य जन आणि मधल्या थरात अध्यापक, धर्मपुढारी, संस्थाचालक अशी माणसे. वर आणि खाली दोन्हीकडे ज्यांचा शब्द पोहोचतो, अशा या मधल्या थरावर लेडरॅक यांची सर्वाधिक भिस्त आहे. तह शिखरावर होतात. पण ते टिकतात की नाही, हे खाली ठरते, हा त्यांचा मुद्दा आम्हांस निर्विवाद वाटतो.

या ग्रंथाचा गाभा मात्र मनोऱ्यात नसून एका स्तोत्रात आहे. १९८०च्या दशकात निकाराग्वात सँडिनिस्टा सरकार आणि पूर्व किनाऱ्यावरील मिस्कितो आदिवासी यांच्यात समेट घडविण्याच्या कामात लेडरॅक सहभागी होते. तेथील गावसभांच्या आरंभी ८५वे स्तोत्र वाचले जाई. सत्य, दया, न्याय आणि शांती यांच्या भेटीचे चित्र त्यात आहे. लेडरॅक यांनी या चौघांना जिवंत व्यक्ती मानून प्रत्येकीला आपले गाऱ्हाणे मांडावयास लावले. सत्य म्हणते, घडले ते आधी सांगा. दया म्हणते, माणसाला पुन्हा उभे राहू द्या. न्याय भरपाई मागतो. शांती सर्वांना सुरक्षित ठेवू पाहते. चौघे जेथे भेटतात, त्या जागेचे नाव समेट.

येथे आम्हांस एक आक्षेप नोंदवावासा वाटतो. स्तोत्रात चौघांचा आवाज सारखा आहे. गावात तो तसा नसतो. शांतीची भाषा बहुधा सबळाच्या तोंडी असते आणि न्यायाची भाषा बोलणारा बैठकीत शेवटी, दाराशी बसलेला असतो. आपल्याकडे भाऊबंदांचा तंटा ‘मिटविला’ असे आपण म्हणतो. पण तंटा मिटविणे आणि डोळे मिटणे यांत अनेकदा फरक उरत नाही. लेडरॅक यांना या विषमतेची जाण नाही, असे नव्हे. ॲडम कर्ल यांच्या आधारे त्यांनी स्पष्ट केले आहे की, आधी दुर्बलाला आपल्या स्थितीचे भान यावे, मग त्याने अन्यायाला सामोरे जावे आणि बळ काहीसे समतोल झाल्यावरच वाटाघाटी व्हाव्यात. दुर्दैवाने हे विवेचन आणि स्तोत्राचे विवेचन ग्रंथात दूर दूर पडले आहे. जो केवळ स्तोत्राचा भाग वाचील, तो समेट स्वस्तात मिळतो अशी समजूत करून घेईल.

दुसरा ग्रंथ आम्हांस अधिक मोलाचा वाटतो, कारण शास्त्राची मर्यादा त्यात शास्त्रज्ञानेच मान्य केली आहे. समेट ही कला आहे आणि तिला शत्रूसह जगण्याची कल्पना करता येणारे मन लागते, असे लेडरॅक येथे सांगतात. संख्याबळापेक्षा खमिराचा दृष्टांत त्यांना जवळचा वाटतो. शुभवर्तमानाच्या वाचकाला तो नवा नाही. परंतु केनियातील वजीर गावाची हकिगत त्याला नवा अर्थ देते. १९९०च्या दशकाच्या आरंभी सोमाली कुळांच्या वैरात तेथील बाजार भीतीने ग्रासला होता. देखा इब्राहिम अब्दी आणि त्यांच्या मोजक्या सहकारी स्त्रियांनी निश्चय केला की, कोणत्याही कुळाच्या स्त्रीला येथे निर्भयपणे खरेदी-विक्री करता आली पाहिजे. त्या बाजारातून पुढे वडीलधारे आणि तरुण यांच्यापर्यंत शांततेची बोलणी पोहोचली.

कोलंबियातील कारारे भागाची कथा अधिक कठोर आहे. गनिमी टोळ्या, सैन्य आणि खाजगी सशस्त्र दले यांच्या कचाट्यात सापडलेल्या शेतकऱ्यांनी १९८७ साली संघटना स्थापून ठरविले की, शस्त्र घ्यावयाचे नाही आणि कोणाचाही पक्ष घ्यावयाचा नाही. २६ फेब्रुवारी १९९० रोजी त्यांच्या तीन पुढाऱ्यांची एका पत्रकार महिलेसह हत्या झाली; तरी संघटना मोडली नाही. लेडरॅक यांनी जोखमीला समेटाचे आवश्यक अंग का मानले, हे या हत्येच्या प्रकाशात उमगते.

विद्यापीठ या विद्येला नावे, पद्धती आणि शिस्त देऊ शकते. तेवढे काम या ग्रंथांनी उत्तम केले आहे. यांतील स्तोत्राचे आणि खमिराचे विवेचन कोणी मराठीत उतरविले, तर आमच्या धर्मग्रामांतील शिक्षक, फादर आणि संस्थाचालक यांना ते उपयोगी पडेल. लेडरॅक यांच्या मनोऱ्याचा मधला थर तो हाच. मात्र ते वाचताना दाराशी बसलेल्या माणसाला आधी बोलू द्यावे, एवढी दुरुस्ती आम्ही सुचवितो.