नारायण धारपांच्या भयकादंबऱ्या : वाडा, वारसा आणि समर्थ

मराठी कादंबरीच्या चर्चेत रंजनपर लेखनाला जागा मिळते ती बहुधा प्रकरणाच्या अखेरच्या परिच्छेदात. भालचंद्र नेमाडे यांनी 'यमुनापर्यटन' (१८५७), 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मोचनगड' (१८७१) या तीन आरंभीच्या कृतींवरून मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती दाखवून दिल्या. त्यांपैकी पहिलीचा पाठपुरावा समीक्षेने हिरिरीने केला; तिसरीवर वाद घातले; 'मुक्तामाले'च्या वंशावळीकडे मात्र वाचकांची आवड एवढ्यापुरतेच पाहिले गेले. या वंशावळीतील विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सर्वांत ठळक नाव नारायण धारप (१९२५-२००८) यांचे आहे. शंभराहून अधिक पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. फिरत्या वाचनालयांतून आणि सार्वजनिक ग्रंथालयांतून ती पाने सुटेपर्यंत वाचली गेली, आणि लेखकाच्या निधनानंतर अनेक पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या छत्रपती संभाजीनगर येथीलच साकेत प्रकाशनाने काढल्या. एवढे वाचले जाणारे लेखन केवळ 'वाचनीय' म्हणून बाजूला सारणे सोयीचे असले, तरी अभ्यासाच्या दृष्टीने ते पुरेसे नाही. एकच लेखक एकाच भीतीकडे चार-पाच दशके परत परत जातो आणि वाचकही त्याच्यामागे जातो, तेव्हा ती भीती एकट्या लेखकाची राहिलेली नसते.

धारपांच्या पुस्तकांची नावे एका ओळीत ठेवली तरी पहिली गोष्ट लक्षात येते. 'आनंदमहल', 'रावतेमहाल', 'केशवगढी', 'कंताचा मनोरा', 'तळघर', '४४० चंदनवाडी'. ही वास्तूंची नावे आहेत. धारपांच्या कादंबरीत भय रानात किंवा स्मशानात क्वचितच मुक्कामाला असते. ते घरात असते, आणि बहुतेक वेळा ते घर नायकाला वारशाने मिळालेले असते. दूरच्या कुणा नातेवाइकाचा मृत्यू, वकिलाचे पत्र, किल्ल्यांचा जुडगा, गावातल्या माणसांचे तुटक बोलणे, आणि मग वर्षानुवर्षे न उघडलेल्या खोलीचा ओलसर, कुबट वास, असा हा क्रम वाचकाला पाठ झालेला असतो. क्रम पाठ असूनही तो वाचवतो, हे धारपांच्या निवेदनाचे यश आहे. हिशेबी, नोकरदार, शास्त्राचे थोडेबहुत शिक्षण घेतलेला निवेदक आपल्या अनुभवावर आपणच शंका घेत सांगू लागतो, आणि ती शंका फिटेपर्यंत वाचक त्याच्या पक्षात गेलेला असतो. रसायन तंत्रज्ञानाचे शिक्षण घेतलेल्या लेखकाची नोंद ठेवण्याची सवय येथे उपयोगी पडली असावी.

हा वाडा इंग्रजी गॉथिक कादंबरीतून आला, असे सांगून पुढे जाता येते. उगमापुरते ते खरेही आहे. परंतु उसनी आणलेली वास्तू परक्या भूमीत टिकते ती त्या भूमीत तिच्यासाठी पाया तयार असेल तरच. पश्चिम महाराष्ट्रातील सुशिक्षित, शहरवासी वाचकाच्या दृष्टीने गावातला वाडा ही विसाव्या शतकाच्या मध्यावर मोठी अवघड वस्तू झाली होती. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. त्यानंतर गावोगावी ब्राह्मणांची घरे जाळली गेली. त्या होरपळीवर व्यंकटेश माडगूळकरांनी 'वावटळ' लिहिली. पाठोपाठ मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले जाऊ लागले. (मराठवाड्यात हेच काम हैदराबाद कुळवहिवाट कायदा १९५० याने केले, तेथील देशमुखी-जहागिरीच्या गढ्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि ती भयकथेने जवळजवळ सांगितलेलीच नाही.) जमीन गेली, माणसे पुण्या-मुंबईस गेली, मागे वाडा राहिला. विकावा तर गिऱ्हाईक नाही, राहावे तर पोट भरत नाही, सोडावे तर पूर्वजांचे देवघर तेथे आहे. सातबाऱ्यावर नाव असलेली, पण जिथे आता आपले कोणी नाही अशी ही जागा होती.

धारपांनी कूळकायद्यावर कादंबरी लिहिली असे येथे सुचवायचे नाही; त्यांच्या पात्रांच्या बोलण्यात हा इतिहास सहसा येतही नाही. पण न बोललेले लोकप्रिय कथेत आडवाटेने येते. वारसाहक्काने मिळालेल्या घरात आधीच कोणीतरी राहत आहे, ते आपल्यापेक्षा जुने आहे, आणि त्याला जागा सोडायची नाही, ही कल्पना त्या पिढीच्या वाचकाला केवळ इंग्रजी वाटली नसणार. पूर्वजांनी मिळवलेले सुख कोणत्या किमतीला मिळवले होते, हा प्रश्न वारसाच्या कथेत अटळपणे येतो. घराण्याच्या भरभराटीमागे एखादा करार असतो, करारामागे बळी असतो, आणि हप्ता वसूल करायला येणारी शक्ती नातवाच्या दाराशी उभी राहते. 'स्वाहा', 'भुकेली रात्र' ही शीर्षके पाहिली तरी धारपांच्या भयाला भूक किती लागते ते कळते. गंभीर मराठी कादंबरीने मध्यमवर्गाला वारशाचा हिशेब इतक्या उघडपणे क्वचितच विचारला असेल.

दुसरा मुद्दा भुतांचा. मराठी लोकपरंपरेत भुतांची वस्ती दाट आहे. मुंजा, हडळ, खवीस, ब्रह्मसमंध, जखीण, आसरा यांतील प्रत्येकाचे ठिकाण ठरलेले, सवयी ठरलेल्या, आणि बहुतेकांची जातही ठरलेली. मुंज होऊन लग्नाआधी मेलेला मुलगा पिंपळावर मुंजा होऊन राहतो. बाळंतपणात गेलेली स्त्री हडळ होते. या श्रद्धांमागील समाजरचनेचा अभ्यास डॉ. रा. चिं. ढेरे, दुर्गा भागवत यांनी केला आणि तत्कालीन औरंगाबादेत डॉ. प्रभाकर मांडे यांनी लोकसाहित्याच्या अभ्यासाला विद्यापीठीय अधिष्ठान दिले. लोकपरंपरेतील भूत मूळचे आपल्यातलेच माणूस असते. त्याची काही इच्छा राहिलेली असते; नैवेद्य, उतारा, नवस अशा मार्गांनी त्याच्याशी बोलणी करता येतात.

धारपांनी ही सारी वस्ती जवळजवळ उठवली. त्यांच्या कथांतले अमंगल अनेकदा कधीच माणूस नव्हते. ते दुसऱ्या मितीतून, दुसऱ्या काळातून, माणसाच्या जन्मापूर्वीपासून टपून असलेले काहीतरी असते. 'सीमेपलीकडून', 'मृत्युद्वार', 'अनोळखी दिशा' ही नावे त्या दिशेकडेच बोट दाखवतात. लव्हक्राफ्ट या अमेरिकन लेखकाची छाया येथे स्पष्ट आहे, आणि धारपांनी विज्ञानकथाही लिहिल्या हे विसरून चालणार नाही. या बदलाचा लाभ असा की भय जातीपातीच्या चौकटीतून सुटले आणि विश्वाएवढे झाले. तोटाही तितकाच मोठा आहे. हडळीच्या गोष्टीत बाळंतपणात मेलेल्या बाईची हकीकत, कितीही विकृत रूपात का होईना, शिल्लक असते. मितीपलीकडून आलेल्या काळ्या, थंड, दुर्गंधीयुक्त आकाराला हकीकत नसते. म्हणून त्याच्यावर अन्यायही झालेला नसतो. त्याला फक्त हाकलायचे असते. वाड्याचा वारसा जो प्रश्न उभा करतो, तो प्रश्न हे बिनइतिहासाचे अमंगल पुष्कळदा विझवून टाकते.

आणि हाकलायला समर्थ येतात.

'समर्थ' ही धारपांची सर्वांत लोकप्रिय निर्मिती. नावातच सज्जनगडचा वारा आहे. 'समर्थाचिया सेवका' हे शीर्षक 'मनाचे श्लोक' पाठ असलेल्या वाचकासमोर ठेवले की पुढचा चरण तो स्वतःच म्हणतो, आणि पुस्तक उघडण्यापूर्वीच त्याला अभय मिळालेले असते. 'माटी कहे कुम्हार को' या शीर्षकात कबीर आहे. भयकथेच्या मुखपृष्ठावर संतवाणी छापण्याची ही रीत इंग्रजी भयकादंबरीपासून धारपांना वेगळे करणारी आहे, आणि तिच्यातच त्यांचे बळ व मर्यादा दोन्ही आहेत. धारपांच्या विश्वात सत् आणि असत् या दोन्ही शक्ती खऱ्या आहेत, पण त्यांच्या लढाईचा निकाल संशयास्पद नाही. स्टीफन किंगच्या १९७५ च्या 'सेलम्स लॉट'मध्ये एका धर्मगुरूची श्रद्धा ऐन वेळी डळमळते आणि त्याच्या हातातला क्रूस निरुपयोगी ठरतो. धारपांची 'लुचाई' याच कादंबरीवर बेतलेली आहे, 'शपथ'च्या मागे किंगची 'इट' (१९८६) आहे. पण साधकाची साधनाच कोसळण्याची ती भयंकर शक्यता समर्थांच्या जगात शिरू शकत नाही. समर्थ थकतात, जखमी होतात, मात्र रिते होत नाहीत. वाचकाला रात्री झोप लागावी याची ही व्यवस्था आहे. समर्थ ज्या कथांत नाहीत त्या अधिक काळ मनात राहतात, याचे कारणही बहुधा हेच.

समर्थांविषयी आणखी एक आक्षेप घेतला जातो, तो सामाजिक आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. अशा प्रदेशात सिद्धीधारी पुरुषाला नायक करणारे साहित्य अंधश्रद्धेला खतपाणी घालते काय? प्रश्न रास्त आहे, उत्तर मात्र घाईने देऊ नये. कथेत भूत स्वीकारणारा वाचक घरी उतारा टाकतोच असे नाही. कथेपुरता अविश्वास बाजूला ठेवणे हा वाचनाचा करारच आहे. खरी अडचण भुतापाशी नसून तारणहारापाशी आहे. धारपांच्या कादंबऱ्यांत गावातला भगत, मांत्रिक, जोगीण ही मंडळी बहुधा अर्धवट ज्ञानाची, घाबरलेली किंवा थेट दुष्ट असतात. संकट निवारणारा पुरुष मात्र सुसंस्कृत, बहुश्रुत, शहरी वाचकाच्या पंक्तीत शोभणारा असतो. मंत्र दोघेही म्हणतात. एकाच्या मंत्राला जादूटोणा आणि दुसऱ्याच्या मंत्राला साधना म्हणायचे, हे कोण ठरवते? गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' याच शहरातून १९६७ पासून अनुभव कोणाचा आणि शब्द कोणाचा हे विचारत होते. त्याच काळात महाराष्ट्रभरच्या वाचनालयांत समर्थ हातोहात जात होते, आणि या दोन वाचनविश्वांची गाठ कुणीच घालून दिली नाही.

किंगच्या ऋणाचा उल्लेख वर आला. रूपांतर मराठीला नवे नाही. देवलांनी 'ऑथेल्लो'चे 'झुंजारराव' केले तेव्हा कुणी नाक मुरडले नाही. धारपांच्या बाबतीत 'हे तर इंग्रजीवरून घेतलेले' असे म्हणून विषय संपवला जातो, तो रंजनपर लेखनाविषयीचा आधीचाच अनादर आहे. काय घेतले यापेक्षा घेतलेल्याचे येथे काय झाले हे पाहणे अधिक फलदायी. 'आजी' या कथेचा प्रवास यादृष्टीने उद्बोधक आहे. किंगच्या १९८४ च्या कथेत अंथरुणाला खिळलेल्या आजीबरोबर एक मुलगा घरात एकटा राहतो. धारपांच्या कथेत ही आजी मराठी घरात आली. अमेरिकन कथेतली वृद्ध आजी घराच्या एका कोपऱ्यातले ओझे आहे. मराठी घरातली आजी गोष्टी सांगणारी, शुभंकरोती म्हणून घेणारी, मुलांचे पहिले आश्रयस्थान असते. तिलाच भयाचे ठिकाण करणे हा किंगपेक्षा अधिक खोल घाव आहे, आणि तो केवळ स्थलांतराने घडला आहे. पुढे राही अनिल बर्वे यांनी 'तुंबाड' (२०१८) या हिंदी चित्रपटाच्या पहिल्या भागासाठी धारपांच्या कथेचे ऋण मान्य केले. चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून आले, आणि ज्याचे नाव घेताच साखळदंडातली म्हातारी झोपी जाते तो 'हस्तर' आला आंब्रोस बिअर्स, लव्हक्राफ्ट आणि किंग यांच्या लेखनातल्या 'हस्तूर'वरून. इतक्या परक्या हातांतून फिरलेली गोष्ट पडद्यावर मात्र कोकणातल्या पावसात भिजलेला वाडा, विधवा आई, सरकारांचा खजिना आणि बापाकडून मुलाकडे जाणारा लोभ यांची, म्हणजे पुन्हा वारशाचीच, गोष्ट झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाल्यावर त्याला पहिल्यापेक्षा मोठा प्रेक्षक लाभला.

रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांच्या गूढकथांशी धारपांची तुलना नेहमी होते, आणि कलात्मक काटेकोरपणात मतकरी सरस ठरतात, हे मान्य करायला हरकत नाही. 'खेकडा'सारख्या कथेत भय माणसाच्या मनातूनच उगवते. कोणी समर्थ येऊन ते काढू शकत नाही. धारप पसरट आहेत, त्यांची स्त्री-पात्रे पुष्कळदा अमंगलाचे पात्र, म्हणजे भांडेच, होऊन राहतात, आणि शेवटची वीस पाने अनेकदा आधीच्या दीडशे पानांना न्याय देत नाहीत. मात्र त्या आधीच्या पानांत, दाराला कुलूप असते आणि समर्थांना अजून तार गेलेली नसते, तेव्हा वारस जिन्याच्या खालच्या पायरीवर कंदील घेऊन उभा असतो. वरच्या खोलीत कोणीतरी चालत असते. घर आपल्या नावावर आहे याचा कागद त्याच्या खिशात असतो, आणि वर जावे की परतीची गाडी पकडावी हे त्याला ठरवता येत नसते.