गाथा छापली, चाल कुठे?

इंदुप्रकाश छापखान्याने १८६९ साली तुकोबारायांच्या गाथेचा पहिला भाग काढला. देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर येथील हस्तलिखिते ताडून विष्णुशास्त्री व शंकर पांडुरंग पंडित यांनी पाठभेदही नोंदवले. हे उपकार मोठेच. पण चाल त्या पानांत नाही. ती टाळकऱ्याच्या गळ्यात राहते. बोरिवलीहून निघालेल्या लोकलमध्ये भजनी मंडळी अभंग म्हणतात, तेव्हा नवखा आधी नुसते ध्रुपद उचलतो, पुढे चरण, आणि केव्हातरी चालही त्याच्या गळ्यात बसते. (डब्यात टाळांची कटकट वाटणारेही असतात; असोत.) आता मुलुंड-घाटकोपरच्या काही सोसायट्यांत एकादशीचा हरिपाठ स्पीकरवरच लागतो. स्वर निर्दोष असतो, माउली. पण पोर चुकले तर थांबवून ‘पुन्हा म्हण’ सांगणारे त्यात कोणी नाही.