‘अनुक्रमक’: एका संज्ञेची चिकित्सा

इथेरियमसारख्या मूळ साखळीबाहेर व्यवहार उरकून त्यांची नोंद तीवर ठेवणाऱ्या ‘रोलअप’ जाळ्यात, ब्लॉक रचणाऱ्या नोडला ‘सीक्वेन्सर’ म्हणतात. ‘अनुक्रमक’ हा त्याचा सरळ मराठी पर्याय. संज्ञा सुबोध खरी. पण ती अर्धेच सांगते. देवगाव रंगारी या ग्रामनामातील ‘रंगारी’ हाही कर्तृवाचक शब्दच. त्यातून रंगविण्याचा बोध होतो, आणि रंगारी रंगवितोच. अनुक्रमक मात्र केवळ क्रम लावीत नाही. कोणता व्यवहार घ्यावयाचा आणि कोणता अडवावयाचा, हेही तोच ठरवितो.

‘ओपी-नोड’ या आज्ञावलीची जुळणी या दृष्टीने बोलकी आहे. एरवी ती इतरांनी रचलेले ब्लॉक पडताळते. अनुक्रमणाचा एक पर्याय सुरू केला आणि ब्लॉकवर सही करण्याची गुप्त किल्ली दिली, की वाचकाचा लेखक होतो! मूळ साखळीच्या अग्रापासून किती ब्लॉक मागे राहावयाचे, हा आकडाही तेथेच द्यावयाचा. तो किरकोळ दिसतो, पण तसा नव्हे. २०१७ साली मुंबईत ‘मॅटिक’ या नावाने आरंभ झालेल्या पॉलिगॉनचे झेडकेईव्हीएम जाळे मार्च २०२४ मध्ये कित्येक तास बंद पडले. तेथील आज्ञावली निराळी होती. कारण मात्र मूळ साखळीच्या अग्रभागाची फेररचना व तीमुळे अडखळलेला अनुक्रमक हेच होते.

ओपी पद्धतीत अडविलेला व्यवहार मूळ साखळीवरून थेट दाखल करता येतो. परंतु तेथील प्रचलित मुदत ३,६०० ब्लॉकांची, म्हणजे सुमारे १२ तासांची आहे. तेवढा काळ नकार देण्याची सत्ता ‘क्रमाधिकारी’ या काहीशा अवजड शब्दात दिसते, ‘अनुक्रमक’ या शब्दात दिसत नाही.